पंधरा आण्यांचा परतावा

चांद्याच्या विक्रीकर कचेरीत मी चार वर्षं कारकून होतो. त्या काळात कर भरायला आलेली माणसं पुष्कळ पाहिली, न भरल्यामुळे आणलेली त्याहून जास्त. भरलेला कर परत मागायला मात्र एकच व्यक्ती आली, आणि ती साठीच्या पुढची एक विलायतेची बाई होती.

चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. आमचं राज्य तेव्हा मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. जिल्हा खाली सिरोंच्यापर्यंत पसरलेला, गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील. एवढ्या मुलखात गोरा माणूस दिसला की तो वाघ मारायला आला, असं लोक धरूनच चालत. ही बाई मात्र पाखरं बघायला आली होती. भूगोल शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका, गळ्यात दुर्बीण, पायात पुरुषी बूट. आमच्या चपराशीभाऊंना तिची फार दया आली.

"वाघ नाई म्हनते जी. पाखरं पाहाले आली," ते मला म्हणाले. "एवढा समुद्र उतरून? तिकडं चिमण्या नसतीन?"

ती माझ्या टेबलासमोर बसली आणि पिशवीतून एक कागद काढून तिनं हातानं सरळ केला. बाजारातल्या एका दुकानातून तिनं कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी घेतली होती, त्याची ती पावती. डाक बंगल्याच्या खानसाम्यानं ती तिला वाचून दाखवली होती आणि त्यात विक्रीकर नावाची ओळ आहे हे तिला समजलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या देशात बाहेरचा पाहुणा वस्तू विकत घेऊन मायदेशी नेणार असेल, तर त्याच्यावर त्या वस्तूच्या कराचा भार पडत नाही. वस्तू न वापरलेली असावी आणि देशाबाहेर जावी, एवढंच. ती साडी ती भाचीसाठी नेणार होती. तर इथे अर्ज कुठे करायचा?

मी पावती वाचली.

श्री. रोख. कोसा साडी, नग एक, अठ्ठावीस रुपये बारा आणे. विक्रीकर, पंधरा आणे. हमाली, दोन आणे. धर्मादाय, तीन आणे. एकूण रुपये तीस. चूकभूल देणे घेणे. खाली उर्दूत सही.

"हमाली म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"ओझं वाहून नेणाऱ्याची मजुरी."

"पण साडी तर मीच पिशवीत घालून नेली."

तिथेच मला संशय यायला हवा होता. पण सरकारी नोकरीत माणूस ज्या ओळीसाठी पगार घेतो तेवढीच ओळ वाचायला शिकतो. मी तिला म्हणालो की असा अर्ज माझ्या माहितीत नाही, साहेबांना विचारतो. चूक झाली ती एवढीच. नियम नाही असं सांगून चहा पाजला असता, तर प्रकरण अर्ध्या तासात संपलं असतं.

आमच्या साहेबांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. लाच घेत नसत, आणि शिव्या फक्त इंग्रजीत देत. पण इतमामाची त्यांना फार हौस. दाराबाहेरची नावाची पाटी त्यांनी वर्षात तीनदा रंगवून घेतली होती, दर वेळी अक्षरं थोडी मोठी. टेबलावर पितळी घंटा होती. गडचिरोलीच्या दौऱ्यावर निघाले की ती घंटा टोपलीत भाताच्या पेंढ्यात बसवून बरोबर जाई, आणि जंगलातल्या विश्रामगृहात, जिथे ऐकायला चौकीदाराशिवाय कोणी नसे, तिथेही ते ती वाजवत. चौकीदार समोर उभा असला तरी आधी वाजवत, मग बोलत.

परताव्याची गोष्ट ऐकून साहेब उठून उभे राहिले.

"तुम्हाला कळतंय का हे काय आहे?" ते मला म्हणाले. "राज्यघटनेत स्पष्ट आहे. देशाबाहेर जाणाऱ्या मालावर राज्यानं कर घ्यायचा नाही. आणि ही बाई माल देशाबाहेर नेते आहे!"

"एक साडी, सर."

"निर्यात ती निर्यात. त्यांच्या देशात परत देतात, आणि आपलं प्रजासत्ताक देणार नाही? पंधरा आण्यांसाठी?"

घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोदीतल्या बोटी असाव्यात, बाईच्या पिशवीतली साडी नसावी, असं मला वाटलं. पण मी कारकून होतो. त्याच दुपारी नागपूरला पत्र गेलं की चांदा कचेरीत परदेशी पाहुण्याचा पहिला परतावा दावा दाखल झाला असून त्याची रीतसर सुनावणी होईल. मग साहेबांनी अटी तयार केल्या. नियमच नसल्यामुळे त्यांना मोकळं रान होतं. पहिली अट, दावेदारानं माल समक्ष हजर करावा. दुसरी, माल न वापरलेला असावा. तिसरी, विक्रेत्यानं नोंदणीचा दाखला घेऊन जातीनं हजर राहावं. दुसऱ्या अटीचं मराठी मी केलं: "माल मूळ घडीत असावा." साहेबांना ते शब्द इतके आवडले की त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचले.

सुनावणी शनिवारी अकरा वाजता ठरली. नगरपालिकेकडून हातांच्या खुर्च्या मागवल्या. झेंडूच्या हारांचं सांगून ठेवलं. पंधरा आणे पाकिटात घालून द्यायचे की तबकात, यावर आमच्यात सकाळभर चर्चा झाली आणि तबक ठरलं.

विक्रेत्याची नोटीस घेऊन मीच गेलो. दुकान माझ्या रोजच्या वाटेवर होतं. म्हातारा दुकानदार, सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणे. सावली गावाच्या पुढच्या एका खेड्यातले विणकर त्याच्याकडे कोसा आणत आणि तो रंगाकडे न बघता बोटांनी पोत ओळखे. दुकानात आरसा नव्हता, गल्ल्याची पेटी नव्हती, पाटीसुद्धा नव्हती.

"चाचा, शनिवारी या. नोंदणीचा नंबर घेऊन या," मी म्हणालो.

"नंबर? कायचा नंबर, बाबू?"

"विक्रीकराचा. त्या मडमेकडून तुम्ही पंधरा आणे कर घेतलात ना?"

चाचांनी हातातला कपडा खाली ठेवला. "म्या? कर? कसम खुदाची, मी तं तीस रुपये घेतले. पहिलेच तीस सांगतले होते. पुसा त्या बाईले."

"मग पावतीवर विक्रीकर कसा आला?"

"रसीद? अरे बाबू, चाळीस वर्षांत कोनी रसीद मागतली नाई मले. थे बाई म्हने रसीद द्या. मी म्हटलं, कपडा हातात आहे नं, रसीद कायले? पन थे आयकेचना. मंग मी बाजूच्या लोखंडवाल्याची रसीद आनली अन् पाहून पाहून लिवली. तिच्यात जे जे नाव होतं, थे सगळं लिवलं."

"आणि आकडे?"

"आता नाव लिवलं अन् समोर काईच नाई, बरं दिसते का? खाली जागा ठेवली तं परदेशी बाई म्हनल, चांद्याचा दुकानदार अडाणी आहे. म्हून तीस रुपयेच थोडे थोडे सगळ्याइले वाटून देल्ले."

मी पावतीच्या ओळी मनात पुन्हा वाचल्या. आता हमालीचा उलगडा झाला होता, आणि धर्मादायाचाही. लोखंडवाल्याच्या पावतीत बैलगाडीभाड्याची ओळ नव्हती हे नशीब. असती तर साडी बैलगाडीतून गेली असती.

पण हसण्यासारखं त्यात एवढंच होतं. चाचांची वर्षाची विक्री इतकी थोडी की कायद्यानं त्यांना नोंदणीची गरजच नव्हती. गरज नाही, तसाच कर घेण्याचा अधिकारही नाही. आणि अधिकार नसताना कर घेतला तर तो गुन्हा. तो घेतल्याचा पुरावा चाचांनी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहून दिला होता.

मी त्यांना तसं सांगितलं.

"दंड किती?" त्यांनी विचारलं.

"ते साहेबांच्या मनावर."

"दंडाचं जाऊ दे," ते म्हणाले. "दंड भरीन. पन सगळ्याइच्या समोर नाव घेऊन म्हनतीन नं, यानं खोटा कर खाल्ला? त्या बाईच्या समोर? चाळीस वर्षं बसलो या गल्लीत, बाबू. कपड्याचा सूत मोजून घ्या म्हनतो मी गिऱ्हाइकाले. मंग कोन विनकर माल आनून टाकल माझ्याइथी?" मग एकदम म्हणाले, "मी सांगतो साहेबाले खरं खरं. खऱ्याले काय भेव?"

चार वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. आमच्याकडे खरं सांगणाऱ्याचा जबाब सर्वांत आधी लिहून घेतात, कारण तो लवकर संपतो. साहेबांना खासगीत सांगण्याचाही उपयोग नव्हता. नागपूरला पत्र गेलं होतं. आता तिथे काहीतरी पाठवणं भाग होतं. परतावा निघाला नसता तर खटला निघाला असता, आणि खुर्च्या तर आल्याच होत्या.

"शनिवारपर्यंत कोणाशी बोलू नका," मी म्हणालो. माझ्याकडे उपाय होता म्हणून नव्हे. बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून.

"तूच आता अब्रू राखजो, बाबू," चाचा म्हणाले, आणि त्यांनी मला पान दिलं. ते मी रस्ताभर हातात धरूनच नेलं.

शुक्रवारी दुपारी साहेबांनी बाईला आपल्या बंगल्यावर चहाला बोलावलं. निमित्त पाहुणचाराचं, हेतू मालाच्या पूर्वतपासणीचा. ऐन सुनावणीत घडी विस्कटलेली निघाली तर फजिती नको. मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. साहेबांना इंग्रजी येत होतं, पण त्यांच्या मंडळींना, म्हणजे बाईसाहेबांना, येत नव्हतं.

बाईसाहेब यवतमाळकडच्या. साहेबांचा इतमाम बंगल्याच्या पायरीपाशी संपतो, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. आत त्यांचं राज्य. मी मागच्या दारानं दूध घेऊन गेलो तेव्हा त्या चकल्या ताटात काढत होत्या.

"काय जी, त्या मडमेनं काय घेतलं म्हने, ज्याच्या पायी आमच्या घरात दोन दिवसांपासून घंटा वाजून राह्यली?"

"कोशाची साडी आहे, बाईसाहेब. भाचीसाठी नेते आहे." मग मी म्हणालो, "अजून कोणी घडी मोडलेली नाही."

एवढंच बोललो. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण बोलताना मी चकल्यांकडे बघत होतो, हे कबूल करायला हवं.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे नवं लुगडं तसंच नेसत नाहीत. ज्या बाईचा मान ठेवायचा, तिला आधी ते नेसायला देतात, घडी मोडायला. तिनं नेसून कुंकू लावलं की ते लुगडं खऱ्या अर्थानं घरात आलं. पाहुणी आली असली आणि नवं लुगडं घरात असलं, तर त्या लुगड्याचं पुढे काय होणार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

"अवो माय!" बाईसाहेबांच्या हातातली चकली मोडली. "सातासमुद्रापलीकडून आली, अन् नव्या साडीची घडी मोडाले तिले कोनी नाई?"

बाहेर व्हरांड्यात साहेब प्रजासत्ताक आणि अप्रत्यक्ष कर यांच्या संबंधावर बोलत होते. बाई नम्रपणे ऐकत होती आणि मधूनमधून कडुलिंबावरच्या एका पाखराकडे दुर्बीण लावत होती. साडी टेबलावर, तिच्या मूळ घडीत. साहेबांनी ती चारी बाजूंनी पाहिली होती, बोट न लावता.

बाईसाहेब आल्या, पाहुणीला नमस्कार केला, साडी उचलली आणि दुसऱ्या हातानं पाहुणीचं मनगट धरलं.

"चाला बाई आत. ह्याइचं बोलनं संध्याकाळपर्यंत चालते."

पाहुणीनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, पण त्यांना वाटलं, मंडळी घर दाखवायला नेताहेत. मी उठून दारापर्यंत गेलो आणि तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. की हा मान आहे. की ही साडी तुम्हाला नेसवणार आहेत. आणि हेही सांगितलं की एकदा नेसलीत की परतावा मिळणार नाही, अट तशी आहे. दुभाष्यानं निदान एवढं तरी प्रामाणिक असावं.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर उद्या पंधरा आणे मिळतील. तबकात."

तिनं बाईसाहेबांकडे पाहिलं. बाईसाहेबांनी मनगट सोडलेलं नव्हतं. मग ती अशी हसली की कडुलिंबावरचं पाखरू उडालं, आणि आत गेली.

पुढची वीस मिनिटं मी साहेबांचं बोलणं ऐकलं. आतून हसण्याचे आवाज येत होते. एकदा काहीतरी पडलं. नंतर कळलं, ते पुरुषी बूट होते. "उभी राह्य वो माय सरळ, निऱ्या सुटून राह्यल्या," असं वऱ्हाडीत चाललं होतं आणि उत्तरं इंग्रजीत येत होती. दोघींपैकी कोणीही दुभाष्याला बोलावलं नाही.

साहेब म्हणत होते, "तेव्हा उद्या सुनावणीत माल मूळ घ—"

दारात पाहुणी उभी होती. अंगावर कोसा, कपाळावर कुंकू, ओटीत नारळ, गहू आणि खण. साडी घोट्यांच्या बरीच वर, कारण बाई उंच होती. हळदीकुंकू देताना बोटं कुठेतरी लागली असावीत. पदरावर हळदीचा ठसठशीत डाग होता.

साहेबांनी आधी साडीकडे पाहिलं, मग मंडळींकडे, मग टेबलाकडे. त्यांचा हात घंटेवर गेला, आणि तिथेच राहिला. वाजवून बोलवायचं कोणाला?

"कशी दिसते?" बाईसाहेबांनी विचारलं.

"छान," साहेब म्हणाले. घरात दुसरं उत्तर नव्हतं.

शनिवारी सकाळी खुर्च्या परत गेल्या. साहेबांनी नागपूरला टिपण सांगितलं आणि मी लिहून घेतलं: दावेदाराने माल निर्यातीपूर्वी स्वतःच्या वापरात आणल्याने अट क्रमांक दोनचा भंग झाला असून दावा निकाली काढण्यात येत आहे, विक्रेत्यास पाचारण करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. शेवटचं वाक्य मी सुचवलं. साहेबांना 'प्रयोजन' हा शब्द आवडला. झेंडूचे हार चपराशीभाऊंनी घंटेला घातले.

त्याच दिवशी बाई परत निघणार होती. मी तिला बसच्या आधी चाचांच्या दुकानात नेलं आणि लोखंडवाल्याच्या पावतीची गोष्ट तिथे, चाचांच्या देखत सांगितली. ते मान खाली घालून बसले होते. हमालीपाशी तिला हसू आवरेना. तिनं पिशवीतून पावती काढली आणि त्यांच्यापुढे धरली. चाचांनी ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि बंडीच्या खिशात घातली.

मग त्यांनी गठ्ठ्यातून एक कोशाचा तुकडा काढला, टोकं दुमडली आणि बोटांनी दोन विती मोजून कात्रीनं कापला. रुमालाएवढा.

"बाईले सांग, बाबू. कर मी घेतला नाई, पन लिवला तं होता. लिवला थे देनं लागते. हा पंधरा आन्याचा आहे. नाई, सोळाचा आहे. एक आना माझ्याकडून."

तिनं रुमाल गळ्याला बांधला आणि पावती मागितली नाही.

यानंतर आठवडाभरानं साहेब मला म्हणाले, "जरा बाजारात जाऊन येऊ." सहज, छत्री घेऊन, घंटा न घेता. बाईसाहेबांनी तसलाच कोसा मागितला होता, आणि त्या घरात मागणीला नोटीस लागत नसे.

आम्हाला दुकानात शिरताना पाहून चाचांचा चेहरा उतरला. मी मागून मान हलवली, घाबरू नका म्हणून. त्यांनी तीन साड्या उलगडून दाखवल्या. साहेबांनी एक निवडली. तीस रुपये. साहेब अठ्ठावीस म्हणाले, चाचांनी साडीची घडी नीट केली, शेवटी साहेबांनी तीस काढून दिले.

साडी कागदात बांधून झाली. चाचा साहेबांच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते कशाची वाट बघत होते ते मला कळत होतं. शेवटी त्यांनीच धीर केला.

"साहेब... रसीद?"

साहेबांनी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. मग पुढे वाकून, हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या हो. उगीच त्यावर कर लागायचा."

मी छताकडे बघत उभा राहिलो. छत कवेलूंचं, म्हणजे कौलांचं होतं, आणि एक कवेलू सरकलेलं होतं. चाचांनी बंडीचा खिसा चाचपला, तिथे तो जुना कागद अजून होता की नाही कोण जाणे, आणि म्हणाले, "जशी मर्जी, साहेब. बाईसाहेबाले सलाम सांगजा."